यत्रसायंगृह : तीन महानगरांच्या वेशीवरील मुक्काम

प्रवासी मनुष्याच्या गरजा दिवसा अनेक असतात. पण सूर्य कलूं लागला म्हणजे त्या साऱ्या एकाच प्रश्नांत गोळा होतात, आणि तो प्रश्न म्हणजे आजची रात्र कोठें काढावयाची हा. संस्कृतांत 'यत्रसायंगृह' असा एक सुंदर सामासिक शब्द आहे. जेथें सायंकाळ होईल तेंच ज्याचें घर, असा त्याचा अर्थ असून महाभारतांत तो मुनीला लावलेला आढळतो. मुनींची गोष्ट निराळी. त्यांच्याजवळ दंडकमंडलूपलीकडे सामान नसे आणि झाडाखालीं निजण्यास कोणाचा परवाना लागत नसे. आमचें घर मात्र सहा मीटर लांब व अडीच मीटरांहून अधिक उंच अशी एक मोटार होती, आणि तींत चार माणसें, शंभर लिटर पाणी, गॅसची शेगडी व गोड्या मसाल्याचा डबा होता. अशा मोटारीला ॲम्स्टर्डॅम, पॅरिस व लंडन या तीन महानगरांच्या वेशीवर रात्रीपुरती जागा कशी मिळते, आणि ती शोधतांना त्या त्या देशाची रीत कशी दिसून येते, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशीं कुटुंबें आतां आपल्यांत थोडीं नाहींत. त्यांस हा मजकूर उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

आमचे चिरंजीव नेदरलंड्समधील आयंढोव्हन शहरीं नोकरीस आहेत. यंत्रोद्योगाच्या निमित्तानें तेथें पुष्कळ भारतीय कुटुंबें राहतात, व त्यांत मराठी मंडळीही आहेत. सन २०२४ च्या जून महिन्यांत चिरंजीवांनीं पंधरा दिवसांची रजा घेतली व एक कॅम्पर व्हॅन, म्हणजे राहण्याची मोटार, भाड्यानें आणली. चिरंजीव, सूनबाई, मी आणि माझी पत्नी असे आम्ही चौघेजण तींतून निघालों. पत्नीनें ती मोटार आंतून पाहिली आणि म्हणाली, "अहो, हें तर आपलें माजघर कोणीं तरी घडी घालून ठेवल्यासारखें दिसतें." हें वर्णन अगदीं यथार्थ होतें. दिवसाचा बाक रात्रीं बिछाना होई, जेवणाचें मेज भिंतीला मिटून बसे, आणि एकाला उभें राहावयाचें तर दुसऱ्यानें बसलें पाहिजे असा नियम आपोआप पडला. देवांची लहानशी डबी आम्हीं खिडकीशेजारच्या खणांत ठेवली होती. गाडी थांबली कीं पत्नी प्रथम ती उघडी, मग शेगडी पेटवी.

मौजेखातर अशा चालत्या घरांतून हिंडण्याची कल्पना फार जुनी नाहीं. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारांतील निवृत्त डॉक्टरानें सन १८८५ मध्यें ब्रिस्टल येथील वाघिणींच्या कारखान्यांत 'वाँडरर' नांवाची एक घोड्यांची गाडी राहण्यासाठीं बांधवून घेतली, आणि तींतून तो इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडांत गेला. १९०७ सालीं इंग्लंडांत अशा हौशी प्रवाशांचा क्लब स्थापन झाला. जर्मनींत फोक्सवागेनच्या मोटारींत बिछाने व कपाटें बसविण्याचें काम वेस्टफालिया कारखान्यानें १९५१ सालीं सुरू केलें, आणि तेथून ही हौस मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या आवांक्यांत आली. त्यापूर्वीं चाकांवरच्या घरांत राहणें हें भटक्या जमातींचें प्राक्तन समजलें जाई, आणि गांवाबाहेर हांकलून दिलें जाणें हा त्या प्राक्तनाचाच एक भाग असे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

राहण्याच्या मोटारीला 'जागा' पाहिजे म्हणजे नुसती जमीन पाहिजे असें नाहीं. चार माणसांचें शंभर लिटर पाणी काटकसरीनें वापरलें तरी दोन दिवसांत संपतें. तितकेंच सांडपाणी गाडीच्या पोटांतील टांकींत सांठतें. शौचकूपाची पेटी अवघी अठरा-वीस लिटरांची असते, आणि ती नेमलेल्या जागींच रिकामी करावी लागते. दिवे व पंप ज्या बॅटरीवर चालतात ती पुन्हा भरावयास वीज लागते. शिवाय वाहनाची उंची आड येते. शहरांतील भुयारी वाहनतळांचीं छतें ठेंगणीं असतात, आणि उघड्या तळांच्या तोंडाशींही पुष्कळ ठिकाणीं दोन मीटर उंचीवर एक आडवा दांडा बसविलेला असतो. साध्या मोटारी त्याखालून निमूट जातात. आपण मात्र बाहेरच राहतों. अर्थात् महानगराच्या पोटांत शिरण्याचा हट्ट सोडावा, वेशीवरच्या तळावर गाडी उभी करावी, आणि तेथून आगगाडीनें किंवा ट्रामनें शहर पाहावें, हाच राजमार्ग होय.

ॲम्स्टर्डॅमला आम्ही हेंच केलें. शहराच्या आग्नेयेस खास्परप्लास नांवाचें एक तळें आहे. त्याच्या काठच्या उपवनांत १९८२ सालीं फ्लोरिआड हें प्रसिद्ध पुष्पप्रदर्शन भरलें होतें. त्या उपवनालगतच प्रवाशांचा तळ आहे, आणि थोडें चाललें कीं मेट्रोचें शेवटचें स्थानक लागतें. तेथून शहराच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत सुमारें वीस मिनिटांचा प्रवास. शहराच्या गाभ्यांत वाहन उभें करावयाचें तर त्या वर्षीं ताशी सात युरोंहून अधिक शुल्क पडत होतें. तेव्हां वेशीवर राहण्यांत पैशाचीही बचतच होती. तळावर प्रत्येक गाडीला आंखून दिलेली हिरवळीची पट्टी, विजेचा निळा खोका, नळ व स्नानगृहें होतीं. रात्रीं दहानंतर कोणी मोठ्यानें बोलत नसे. आमच्या फोडणीचा वास शेजारच्या तंबूपर्यंत गेला तेव्हां मला संकोच वाटला, पण तेथील बाई नाक वर करून हंसली आणि खुणेनेंच "काय शिजतें आहे?" असें विचारूं लागली. वाटीभर आमटी तिकडे गेली, आणि वाटी परत आली तींत स्ट्रॉबेरीचीं फळें होतीं.

नेदरलंड्समध्यें एक गोष्ट मात्र पक्की लक्षांत ठेवली पाहिजे. तळ सोडून रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारींत निजण्यास बहुतेक नगरपालिकांची मनाई आहे, आणि दंडही होतो. शेजारच्या जर्मनींत दृष्टि निराळी आहे. थकलेल्या चालकाला पुन्हा वाहन हांकण्याची शक्ति यावी एवढ्यापुरती एक रात्र रस्त्याच्या कडेला गाडींत निजण्यास तेथें हरकत घेत नाहींत; पण खुर्च्या बाहेर मांडल्या कीं मुक्काम केला असें होतें, आणि मुक्कामास बंदी आहे. फ्रान्सांतही वाहन उभें करणें आणि बाहेर बिऱ्हाड पसरणें यांत असाच भेद मानतात. मात्र गांवाच्या महापौराला जागोजागीं निर्बंध घालतां येतात. एका घडीच्या खुर्चीवर विश्रांति आणि अतिक्रमण यांची सीमा ठरावी हें प्रथम हास्यास्पद वाटतें. विचार केला म्हणजे त्यांतील तात्पर्य कळतें. जो आंत निजला आहे तो सकाळीं जाणार. ज्यानें खुर्ची मांडली त्याच्या मनांत राहणें आलें.

ॲम्स्टर्डॅमहून पॅरिस सुमारें पांचशें किलोमीटर आहे. सकाळीं निघून सायंकाळीं पोहोंचावें असा बेत होता; परंतु बेल्जियममध्यें अँटवर्पजवळ पुढें कोठें तरी अपघात झाला होता, आणि वाहनांची रांग तीन तास हललीच नाहीं. फ्रान्सच्या हद्दींत शिरलों तेव्हां सूर्य खालीं आला होता, आणि पॅरिस अद्याप दोनशें किलोमीटर दूर होतें. चिरंजीव सकाळपासून चाकावर बसलेले. एकदां गाडी हळूच पांढऱ्या रेषेकडे ओढली गेली. सूनबाई तत्काळ म्हणाल्या, "आतां पुढें जायचें नाहीं." चिरंजीव म्हणाले, "बाबा, आणखी दोन तासांचा तर प्रश्न आहे." मीं त्यांस सांगितलें, "पॅरिस दोन हजार वर्षें तेथें आहे, उद्यांही असेल." हमरस्त्यावरील विश्रामस्थानें रात्रीं टाळावीं, तेथें निजलेल्या प्रवाशांच्या गाड्या फोडतात, असें आम्हांस अनेकांनीं बजावलें होतें. सूनबाईंनीं भ्रमणध्वनीवर शोध केला. पिकार्डी प्रांतांतील एका लहानशा गांवीं, हमरस्त्यापासून बारा किलोमीटरांवर, नगरपालिकेचा मोटारतळ होता.

फ्रान्सांत अशा तळांस 'एर' म्हणतात. अनेक लहान गांवांनीं ते स्वखर्चानें केले आहेत. जमिनीवर आंखलेल्या आठ-दहा जागा, पाण्याचा खांब, सांडपाण्याची जाळी, आणि चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांच्या मर्यादेची पाटी, एवढाच थाट असतो. प्रवाशानें गांवांत पाव घ्यावा, भाजी घ्यावी, आणि पुढें जावें, एवढीच गांवाची अपेक्षा असते. आम्ही पोहोंचलों तेव्हां तेथील आठही जागा भरलेल्या होत्या. अंधार पडला होता, पत्नीचे गुडघे आखडले होते, आणि चिरंजीवांच्या डोळ्यांकडे पाहवत नव्हतें. इतक्यांत टोकाच्या गाडीपुढें बसलेले एक वृद्ध फ्रेंच गृहस्थ उठले. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, चिरंजीवांच्या तोंडाकडे पाहिलें, आणि एक शब्दही न बोलतां आपली खुर्ची व मेज उचलून आंत टाकलें. मग गाडी सुरू करून ती मीटरभर कुंपणाकडे सरकविली. शेजाऱ्यालाही दार ठोठावून त्यांनीं तसेंच करावयास लावलें. दोहोंमध्यें आमच्यापुरती जागा झाली. आम्हांस फ्रेंच येत नव्हतें, त्यांस इंग्रजी येत नव्हतें. पत्नीनें रव्याच्या लाडवांचा डबा पुढें केला, आणि त्या गृहस्थांच्या पत्नीनें चेरींचा द्रोणासारखा एक टोपला आमच्या पायरीवर आणून ठेवला.

मनुस्मृतींत सायंकाळीं सूर्यानें आणून सोडलेल्या अतिथीला 'सूर्योढ' म्हटलें असून, गृहस्थानें त्याला परत लावूं नये असें सांगितलें आहे. शाळेंत मीं हा शब्द अनेक वेळां फळ्यावर लिहिला होता. पण त्याचा अर्थ त्या रात्रीं अनुभवास आला. त्याच प्रकरणांत अतिथीची व्याख्याही आहे: जो एक रात्र राहतो तो अतिथि, कारण त्याची स्थिति नित्य नसते. फ्रेंच गांवच्या पाटीवरील चोवीस तासांची मर्यादा आणि आपल्या स्मृतिकारांची ही एक रात्र यांत मला एकच व्यवहारज्ञान दिसतें. आतिथ्याला जसा यजमानाचा धर्म आहे तसा पाहुण्याचाही आहे. महानगरें राहण्याच्या मोटारींस दूर ठेवतात त्याला निष्ठुरता हें एकच कारण नाहीं. जेथें एखाद्यानें गटारांत शौचकूपाची पेटी ओतली, कचरा टाकला, किंवा समुद्रकांठची जागा महिनाभर अडवून धरली, तेथें तो दोन मीटर उंचीचा दांडा पुढील वर्षीं उभा राहतो. एकाच्या बेपर्वाईचा दंड मागून येणारे शंभरजण भरतात.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पॅरिसला पोहोंचलों. त्या शहराच्या पश्चिमेस ब्वा द बूलोन्य हें ८४६ हेक्टरांचें विस्तीर्ण वन आहे. सम्राट तिसरा नेपोलियन यानें तें १८५२ सालीं पॅरिस नगराला दिलें. या वनाच्या आणि सेन नदीच्या मधल्या पट्टींत प्रवाशांचा तळ आहे. इतक्या मोठ्या राजधानीच्या इतक्या निकट, झाडांच्या सावलींत, नदीच्या तीरावर निजतां येतें, हें मला आश्चर्यच वाटलें. तेथून पोर्त मायो या स्थानकावर जावें, आणि भुयारी रेल्वेची पहिल्या क्रमांकाची गाडी धरावी. लूव्र संग्रहालय त्याच मार्गावर आहे. एक सूचना मात्र अवश्य पाळावी. हवा शुद्ध राहावी म्हणून २०२४ सालीं पॅरिस व भोवतालच्या विभागांत वाहनांच्या धुराप्रमाणें वर्ग पाडलेले होते, आणि त्या वर्गाची 'क्रितेर' नांवाची चकती कांचेवर लावावी लागत होती. ती टपालानें येते, म्हणून आगाऊ मागवावी लागते. असे नियम वरचेवर बदलतात. तेव्हां निघण्यापूर्वीं त्या वेळचा नियम पाहून घ्यावा. भाड्याची गाडी असेल तर मालकाकडे चकतीची चौकशी प्रथमच करावी. जुलैअखेर तेथें ऑलिंपिक सामने भरावयाचे होते, त्यामुळें अनेक चौकांत बांधकाम चाललें होतें, आणि आम्हीं गाडी वेशीवर ठेवली यांत आपला लाभच झाला असें चिरंजीवांसही पटलें.

पॅरिसहून इंग्लंडच्या वाटेवर नव-शापेल हें लहानसें खेडें लागतें. तेथें १९२७ सालीं उभारलेलें भारतीय सैनिकांचें स्मारक आहे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्स व बेल्जियममध्यें पडलेल्या, आणि ज्यांची कबर ठाऊक नाहीं, अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांचीं व सेवकांचीं नांवें तेथें गोल भिंतीवर कोरलेलीं आहेत. १९१५ च्या मार्च महिन्यांत याच खेड्यापाशीं घनघोर लढाई झाली होती. आम्ही ओळीवरून ओळ वाचीत तासभर फिरलों. रात्रीच्या जागेसाठीं आपण किती खटाटोप करतों, आणि या माणसांना चिखलाच्या खंदकापलीकडे जागा मिळाली नाहीं, हा विचार मनांतून जाईना. पत्नीनें गाडींतील तुळशीचीं वाळलेलीं पानें भिंतीपाशीं ठेवलीं.

खाडीखालील बोगदा १९९४ सालीं खुला झाला. मोटार आगगाडीच्या डब्यांत चढवितात, प्रवासी मोटारींतच बसतात, आणि पस्तीस मिनिटांत इंग्लंड येतें. राहण्याच्या मोटारींतील गॅसच्या नळ्या तत्पूर्वीं बंद कराव्या लागतात व त्यांची तपासणी होते. नेदरलंड्स व फ्रान्स यांस एकच प्रवेशपत्र चालतें. इंग्लंडचें वेगळें काढावें लागतें, हें वडीलधाऱ्यांस नेणाऱ्या मुलांनीं विसरूं नये. लंडनचा नियमही कडक आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून धुराचें शुल्क साऱ्या लंडनच्या हद्दीला लागू झालें. आमची गाडी नवी असल्यानें शुल्क पडलें नाहीं, तरी परदेशी वाहन म्हणून तिची आगाऊ नोंद करावी लागली. आमचा तळ आग्नेय लंडनमधील ॲबी वुड येथें होता. टेंकडीवर दाट झाडी, आणि पायीं जाण्याच्या अंतरावर २४ मे २०२२ रोजीं सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गाचें स्थानक. अर्ध्या तासाच्या आंत माणूस लंडनच्या मध्यावर पोहोंचतो. त्याच परिसरांत ११७८ सालीं स्थापन झालेल्या लेसनेस मठाचे अवशेष आहेत. वाटसरूंना आश्रय देणें हें मध्ययुगांत युरोपांतील मठांचें कर्तव्य समजलें जाई. मठ १५२५ सालीं मोडला. पण त्याच्या शेजारीं आजही वाटसरू निजतात, हा योगायोग मला गोड वाटला.

परंतु सर्वच निजणारे वाटसरू नसतात. केंट परगण्यांत हमरस्त्यालगत चहा घेत असतां एक तरुण सुतार भेटला. त्याची जुनी मालगाडीवजा मोटार शेजारींच उभी होती. तींत बिछाना, हत्यारें आणि एक कुत्रें होतें. आमची गाडी पाहून त्यानें विचारलें, "किती दिवसांची सुटी?" चिरंजीवांनीं सांगितलें. तो हंसून म्हणाला, "मला तीन वर्षें झालीं." लंडनमध्यें काम मिळतें, पण त्या कामाच्या मजुरींत लंडनची खोली मिळत नाहीं, म्हणून तो मोटारींत राहतो आणि दर दोन-तीन रात्रींनीं जागा बदलतो. लोक खिडकीवर थाप मारून त्याला हलावयास सांगतात. ब्रिस्टल शहरांत घरभाडीं वाढल्यामुळें मोटारींत राहणारांची संख्या गेल्या कांहीं वर्षांत इतकी वाढली आहे कीं, नगरपालिकेला त्यांच्यासाठीं तात्पुरत्या जागा नेमाव्या लागल्या. ज्या गावीं वाँडरर बांधली गेली त्याच गांवची ही गोष्ट आहे. चाकांवरचें घर हौसेचें झालें तेव्हां तळ निघाले, क्लब निघाले. गरजेचें झालें कीं पुन्हा वेशीबाहेर हांकणें आलें. अतिथीची एक रात्रीची मर्यादा योग्यच आहे. पण ज्याला सकाळीं परत जावयास घरच नाहीं तो अतिथि नव्हे, आणि त्याला पाहुण्याचा नियम लावून न्याय होत नाहीं. त्याचा प्रश्न वाहनतळाचा नसून घराचा आहे, आणि तो शहरानें घराच्याच कचेरींत सोडविला पाहिजे.

आपल्या राज्यानेंही २०२१ सालीं अशा पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. तेव्हां हा विचार आज ना उद्यां आपल्याकडेही करावा लागेल. सुदैवानें आपल्याला तो अगदींच परका नाहीं. आषाढ महिन्यापूर्वीं श्रीज्ञानेश्वर व श्रीतुकाराम यांच्या पालख्या पुण्यास दोन रात्रीं राहतात, तेव्हां लाखों वारकऱ्यांस हें महानगर आपल्या ओसऱ्या, शाळा व मंदिरें मोकळीं करून देतें. पुढें गांवोगांवीं पालखीतळ नेमलेले असतात. वारकरी एक रात्र राहतो, गांव पाणी देतें, आणि पहाटे दिंडी निघते. पाण्याची व शौचाची सोय, ठरलेली जागा आणि ठरलेली निघण्याची वेळ हींच तीन अंगें मला पिकार्डीच्या त्या तळावर दिसलीं. पालखीतळांची स्वच्छता व शौचालयें आपण जितकीं सुधारूं तितका हा धडा आपलाच पक्का होईल.

ज्या कुटुंबांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं थोडक्यांत इतकें पाळावें. महानगराचा तळ उन्हाळ्यांत महिनोगणती आधीं ठरवून ठेवावा. तो आगगाडीच्या स्थानकाजवळ आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. झाडी व नदी नंतर. गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. दिवसाकाठीं चारशें किलोमीटरांहून अधिक मजल ठरवूं नये, आणि वाटेवरील एक-दोन लहान गांवांचे तळ अडीअडचणीसाठीं टिपून ठेवावे. सांडपाणी नेमल्या जागींच सोडावें. ज्या गांवीं राहावें तेथें निदान एक पाव तरी विकत घ्यावा. आणि आपण सुखरूप लागलों तरी, अंधार पडल्यावर कोणी थकलेला मागून येईल, म्हणून आपली खुर्ची उचलण्याची तयारी ठेवावी.